घासलेली लेदर सीट: आधी मळ काढा, मग रंगाचं बोला

आपल्याकडं लेदर सीट आधी एकाच जागी जाते. ड्रायव्हरच्या उजव्या मांडीखालची, दाराकडची कड. गाडीत बसताना आणि उतरताना अख्ख्या अंगाचं वजन तिच्यावरून घसरतं. जीन्सचे रिव्हेट, मागच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा, पट्ट्याचं बक्कल, सगळं तिथंच घासतं. त्याच्या खालोखाल पाठीची उजवी कड. मागची सीट मात्र गाडी जुनी झाली तरी बऱ्यापैकी कोरी राहते, कारण तिथं बसणारी पोरं बिस्किटं सांडतात, कातडं घासत नाहीत.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "कातडं गेलं हो, नवीन टाका." मी बोट फिरवून बघतो. बहुतेक वेळा कातडं शाबूत असतं, वरचा रंग गेलेला असतो.

हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं यावर आहे. आमच्या घरी पिढीजात धंदा कोल्हापुरी चपलांचा. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत पकवलेलं, म्हणजे कमावलेलं, वरून उघडं. तेल दिलं की पितं, मऊ पडतं, रंगानं गडद होतं. गाडीच्या सीटचं कातडं वेगळ्या जातीचं. ते बहुतेक क्रोमियमच्या क्षारांत पकवलेलं असतं, हल्लीच्या काही युरोपियन गाड्यांत क्रोमशिवायच्या रसायनांत. पकवून झाल्यावर त्याच्यावर रंगाचे थर आणि सगळ्यात वर पारदर्शक टॉप कोट चढवतात. कातडं साधारण एक-सव्वा मिलिमीटर जाड, आणि हा सगळा लेप मिळून मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा. तुम्ही बसता ते त्या लेपावर. झिजतो तोच, मळतो तोच, आणि दुरुस्त करायचाही तोच.

म्हणून सीटला खोबरेल चोळणाऱ्यांना मी हात जोडतो. लेप शाबूत असेल तर तेल आत जातच नाही. वरच राहतं, धूळ धरतं आणि उन्हात तापलं की पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर उतरतं. लेप फुटलेला असेल तर भेगेतून आत जातं, आणि मग तिथं नवा रंग धरत नाही. आमचे आण्णा चपलेला तेल देतात ते बरोबरच आहे, पण ती चप्पल.

आधी खात्री करा की लेदरच आहे

विकताना 'लेदर सीट' म्हणून विकलेल्या कितीतरी गाड्यांत लेदर फक्त अंगाला लागणाऱ्या भागात असतं. बाजूचे पट्टे, हेडरेस्टची मागची बाजू, सीटच्या पाठीमागचा खिसा हे सगळं रेक्झिन. आणि काही गाड्यांत सगळंच रेक्झिन, नुसतं नाव लेदरेट. सीट पुढं सरकवा, मागून खाली वाकून बघा. कापलेली कड कुठंतरी उघडी दिसते. तिथं केसाळ, धागेधागे सुटल्यासारखा मांसल भाग दिसला तर कातडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन.

रेक्झिनमध्येही दोन प्रकार. पीव्हीसीचं असेल तर ते कडक होऊन चिरतं, कारण त्याला मऊ ठेवणारा घटक हळूहळू निघून जातो. त्याच्या छोट्या चिरा भरता येतात, पुढं सांगतो त्याच पद्धतीनं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, असेल आणि उन्हानं पोळलेल्या पाठीसारखे त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर सोडून द्या. दमट हवेनं त्याचा लेप मुळातूनच मोडत चाललेला असतो. आज एक पापुद्रा भराल, पावसाळ्यानंतर शेजारचा सुटेल. तिथं कुशनवाल्याकडं जाऊन नवं कव्हर शिवून घेणं हाच शहाणपणा.

एक गोष्ट घरी करायची नाही

सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली बारकी चिठ्ठी किंवा शिक्का आहे का बघा. असेल तर त्या कडेच्या आत साइड एअरबॅग दुमडून बसवलेली आहे. तिथली शिलाई मुद्दाम ठरावीक जोरात उसवेल अशी केलेली असते. ती उसवली तरच पिशवी बाहेर येते. त्या शिवणीवर कोणी जाड नायलॉनचा दोरा घातला, गोंद भरला किंवा आतून पॅच चिकटवला तर अपघातात पिशवी वेळेवर बाहेर येणार नाही. तिथं वरवर रंगाचा हलका हात चालतो, पण शिवणीत फिलर, म्हणजे भेगा भरायची पेस्ट, नाही, सुई नाही, गोंद नाही. सीट सोडवणंही नको. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावायचा नाही. असल्या सीटची शिवण उसवलेली असेल तर काम सर्व्हिस सेंटरचं. पैसे जास्त जातील, जाऊ देत.

याच कारणानं साइड एअरबॅगच्या सीटवर बाजारातली घट्ट कव्हरं चढवायलाही माझा विरोध आहे. माझ्या ओळखीतले अर्धे लोक कव्हरांचाच धंदा करतात, ते रागावतील.

धुणं

खरं काम इथं आहे. रंगाला दुपार लागते, साफसफाईला सकाळ आणि हाताला रग. रंग निघाल्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडं येतात, त्यांत रंग वाईट होता असं क्वचित निघतं. खाली मळ आणि पॉलिश राहिलेलं असतं.

आधी व्हॅक्यूम. शिवणीत रेती असते, ती ब्रशनं घासली तर पॉलिश पेपरसारखी लेप कापते. मग लेदर क्लीनर. साबणाची वडी, भांड्याचं लिक्विड, खाण्याचा सोडा नको. हे सगळं क्षारधर्मी किंवा तेल ओढून घेणारं, आणि कातडं मुळात आम्लधर्मी असतं. बाटलीवर 'पीएच न्यूट्रल' लिहिलेलं क्लीनर घ्या. ते सीटवर ओतायचं नाही. स्पंजवर घेऊन फेस करायचा आणि तो फेस मऊ ब्रशनं गोल गोल फिरवायचा. बुटाचा घोड्याच्या केसांचा ब्रश असतो, तो नवा घेतला तर उत्तम. एका वेळी वीतभर जागा. फेस काळा-करडा झाला की सुकायच्या आत ओल्या मायक्रोफायबरनं उचलायचा. पांढऱ्या फडक्यावर डाग यायचा थांबेपर्यंत हेच.

बेज सीट असेल तर कडेवरचा निळसर डाग हा मळ नसून जीन्सचा रंग असू शकतो. तो लेपात मुरलेला असतो. ताजा असेल तर क्लीनरनं निघतो, जुना असेल तर नादाला लागू नका. मॅजिक स्पंज म्हणून जो पांढरा स्पंज मिळतो तो मेलामाइनचा. साफ करतो असं वाटतं, पण तो खरवडतो. डाग जातो आणि टॉप कोटही जातो. असंही आपण पुढं रंग देणारच आहोत, डाग त्याच्याखाली झाकला जाईल.

मध्ये गारगोटीकडचे एक डॉक्टर जुनी बेज सेदान घेऊन आले. कुणाच्या तरी सल्ल्यानं ड्रायव्हर सीटच्या कडेला तपकिरी बूट पॉलिश लावून ठेवलेलं. दिसायला लांबून ठीक. पण बूट पॉलिश म्हणजे मेण आणि रंग, ते कातड्याला धरून राहत नाही, पँटला लागतं. म्हणाले, "बायको गाडीत बसायच्या आधी ओढणी अंथरते." ते पॉलिश उतरवायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. त्याच गाडीचा दाखला पुढं देत जातो, कारण एका सीटवर सगळे आजार होते.

क्लीनरनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. फडकं नुसतं ओलसर करायचं, ठिबकू द्यायचं नाही, आणि रंगवायच्या भागावरून हलक्या हातानं पुसत जायचं. डॅशबोर्डला आणि सीटला चमक आणणारी जी पॉलिशं मारतात त्यांत सिलिकॉन असतं, ते इथं निघायला हवं. फडक्यावर थोडा सीटचा रंग येईल, घाबरू नका. फार येत असेल तर हात आवरा.

मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर, कोरडा, अगदी हलका. हेतू एवढाच की चमक मरावी आणि भेगांच्या उभ्या राहिलेल्या कडा बसाव्यात. कातड्याचा दाणा सपाट करायचा नाही. शेवटी पुन्हा एकदा आयपीएचं फडकं, आणि अर्धा तास दारं उघडी ठेवून सुकू द्या.

भेगा आणि भोकं

इथून पुढं साहित्य लागतं: लेदर बाइंडर, लेदर फिलर, रंग, टॉप कोट. सीटसाठीचा संच म्हणून एकत्र मिळतो, ऑनलाइन परदेशीही मिळतात आणि देशीही. पाण्यात मिसळणारा घ्या. बुटासाठीचा रंग, कापडावर रंगवायचा रंग, भिंतीचा उरलेला रंग यांतलं काही नको. सीट रोज दाबली जाते, तापते, वाकते. तेवढं वाकू शकणारा रंगच टिकतो.

केसासारख्या बारीक भेगांना फिलर लागत नाही. बाइंडर दुधासारखा पातळ असतो, स्पंजनं चोळत मुरवायचा, सुकवायचा, पुन्हा. सुटलेले धागे तो आत धरतो. डॉक्टरांच्या कडेवरची निम्मी खडबड एवढ्यानंच बसली.

नखात अडकेल अशा भेगेला फिलर. इथं लोक घाई करतात आणि एकदाच जाड थर लावतात. तो वरून सुकतो, आत ओला राहतो आणि आठवड्यात खड्डा पडतो. जुन्या एटीएम कार्डानं पातळ ओढा, सुकू द्या, पुन्हा ओढा. प्रत्येक थरानंतर अंगठ्यांनी कातडं दोन्हीकडं ताणून बघा. फिलर चिरला तर तो जाड झाला किंवा आतून कच्चा आहे. सपाट झाला की ६०० चा पेपर. भरलेली जागा गुळगुळीत दिसते आणि शेजारी दाणा असतो, तिथं शेवटच्या थरावर ओला स्पंज नुसता टेकवून उचलला तर बराचसा मेळ बसतो. पूर्ण जुळत नाही, पण रंगाखाली नजर जात नाही.

भोक किंवा फाट असेल तर आधी खाली आधार द्यायचा. जुन्या जीन्सचा किंवा कॅनव्हासचा तुकडा भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा कापा, कोपरे गोल करा. चिमट्यानं फाटेतून आत सरकवून कातडं आणि फोम यांच्या मध्ये सपाट बसवा. मग टाचणीनं किंवा काडीनं कातड्याच्या खालच्या बाजूला लवचिक गोंद लावा, कडा जवळ आणा, वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वजन. रात्रभर तसंच. फाटेच्या कडा एकमेकांवर चढवू नका, समोरासमोर भिडल्या पाहिजेत. फेव्हिक्विकसारखे झटपट गोंद इथं वर्ज्य. ते दगडासारखे कडक होतात आणि त्यांच्या कडेवरच कातडं नव्यानं फाटतं.

फाट शिवणीवर असेल, किंवा हातात मावणार नाही एवढी असेल, तर घरी नको. तो भाग उसवून त्या मापाचा नवा तुकडा शिवणारा कारागीर प्रत्येक गावात असतो. अख्खी सीट नव्यानं करण्यापेक्षा एक पॅनल बदलणं पुष्कळ स्वस्त पडतं. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात विचारलंत तर पत्ता मिळेल. तेव्हाच फोमही बघून घ्या. दाराकडची कड बसली असेल तर वरून कितीही रंग मारा, ढिला पडलेला भाग पुन्हा सुरकुतणार आणि तिथंच चिरणार.

वेंटिलेटेड सीटला बारीक भोकं असतात. त्यांच्यावर फिलर नको, आणि रंगही जवळजवळ कोरड्या स्पंजनं. भोक बुजलं तर टाचणी घेऊन बसावं लागतं.

रंग जुळवणं

दाराच्या खांबावरच्या पट्टीवर काही गाड्यांत आतल्या रंगाचा कोड असतो. त्यावरून तयार रंग मिळाला तरी थेट लावू नका. कोड सांगतो तो कारखान्यातून निघालेल्या दिवसाचा रंग, तुमच्या सीटवर नंतरची सगळी उन्हं आहेत. हेडरेस्ट काढून त्याच्याखालची जागा बघा. तिथला रंग आणि बैठकीचा रंग यांत केवढा फरक आहे ते कळेल. शेजारच्या सीटशी जुळेल असा रंग हवा, मूळ रंगाशी नव्हे.

बेज करताना पांढऱ्यापासून सुरू करा. त्यात पिवळी माती म्हणतात तो पिवळा, मग तपकिरी, आणि काळा टूथपिकच्या टोकावर घेऊन. काळा जास्त झाला तर परत येता येत नाही, पांढरा ओतत राहावं लागतं आणि बादलीभर रंग होतो. काळ्या सीटचंही असंच, गाडीतला काळा क्वचितच ठार काळा असतो. थोडा पांढरा, थोडा तपकिरी लागतो, नाहीतर रंगवलेला भाग डांबरासारखा उठून दिसतो.

ओला रंग बघून ठरवू नका. पाण्यातला रंग सुकल्यावर गडद होतो. सीटच्या झाकलेल्या भागावर बोटभर ठिपका, हेअर ड्रायरनं सुकवा आणि गाडी बाहेर काढून दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात फसवतो. डॉक्टरांच्या बेजमध्ये हिरवट झाक होती, ती घरातल्या दिव्यात दिसतच नव्हती. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते, त्यावरून मला ती सापडली.

रंग देणं

नुसत्या घासलेल्या जागेवर रंग देऊन थांबलात तर ठिगळ दिसेल. शिवणीपासून शिवणीपर्यंतचा अख्खा तुकडा रंगवा, नजर शिवणीवर फरक माफ करते. प्लास्टिकच्या पट्ट्या, बेल्ट, वेगळ्या रंगाची शिलाई असेल तर तीही, मास्किंग टेपनं झाका.

पहिला थर स्पंजनं चोळून, भेगांत जाईल असा. तो भयानक दिसतो. पट्टे, टिपके, खालचं सगळं दिसतं. जाड करून झाकायचा मोह होईल, करू नका. हेअर ड्रायर कोमट, वीतभर अंतरावरून, हाताला सुकलेलं लागेपर्यंत. दुसरा थर स्पंज टेकवत टेकवत. असे चार-पाच पातळ थर. एअरब्रश असेल तर शेवटचे दोन त्यानं मारा, स्पंजचे ठसे जातात. दोन थरांच्या मध्ये सीट मुठीनं दाबून कातडं हलवत राहा, म्हणजे रंग भेगेवर पूल बांधून बसत नाही.

मग टॉप कोट. मॅट घ्या. नव्या गाडीची सीट चमकत नाही, चमकते ती मळलेली सीट. टॉप कोटमध्ये थेंबांनी घालायचा क्रॉसलिंकर मिळाला तर वापरा. त्यानं ड्रायव्हरची कड घासायला पक्की होते. बाटलीवरचं प्रमाण पाळा, मिसळलेलं उद्यावर ठेवू नका, हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा आणि एअरब्रशनं मारणार असाल तर योग्य मास्कशिवाय नको. ते रसायन फुप्फुसाला वाईट. दोन-तीन पातळ हात पुरेत.

कधी करावं? दिवाळीनंतर होळीच्या आत. जुलैत कोल्हापुरात वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही, रंग कसला वाळतोय. वरून सुकल्यासारखा वाटतो आणि पँटला चिकटतो. एप्रिल-मेमध्ये उलटं, बंद गाडीत स्पंजवरच रंग घट्ट होतो आणि रेघा उठतात. करायचंच असेल तर सकाळी लवकर, सावलीत.

नंतर

पूर्ण एक दिवस सीटवर कोणी बसायचं नाही. पहिला आठवडा ओलं फडकंही नको. रंग वरून सुकला तरी आतून घट्ट व्हायला वेळ घेतो. जीन्स तेवढे दिवस टाळता आली तर बरं, नाहीतर कडेवर सुती कापड टाका. डॉक्टरांना म्हटलं, ओढणी अजून आठवडाभर राहू दे.

पुढं महिन्यातून एकदा ओलसर मायक्रोफायबर, तीन-चार महिन्यांनी क्लीनर. कंडिशनर म्हणून जे विकतात ते लेप असलेल्या सीटच्या आत फारसं जात नाही. पाण्यातलं पातळ क्रीम असेल तर लावा, तेलकट काही नको. सीटचा खरा वैरी ऊन आहे, तेव्हा पार्किंगमध्ये काचेला सनशेड लावा. कोकणात किंवा गोव्यात गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर महिनाभर बंद ठेवू नका, उघडीप मिळेल तेव्हा दारं उघडा. बुरशीचे पांढरे ठिपके दिसलेच तर सुक्या फडक्यानं गाडीच्या बाहेर झटका, मग आयपीएत ओलसर केलेलं फडकं, मग पंखा. उरलेला रंग हवाबंद बाटलीत सीटच्या नावानं चिठ्ठी लावून ठेवा. दाराकडची ती कड पुन्हा घासणारच, तेव्हा स्पंजचे दोन हात मारले की भागतं.